दगडावरची नावे : लोणखेडा ते रावलापाणी

लोणखेडा हे नाव नंदुरबार जिल्ह्याबाहेरच्या वाचकांच्या कानावर बहुधा आले नसेल. शहाद्याला लागून, गोमाई नदीच्या खोऱ्यात वसलेले हे गाव. दोन्हीकडची घरे आता एकमेकांना इतकी भिडली आहेत की लोणखेडा कोठे संपले आणि शहादा कोठे सुरू झाले, हे परक्याला सांगता यायचे नाही. भोवती केळी, पपई, ऊस आणि कापूस यांची शेते, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला तापी. तासाभराच्या वाटेवर मध्य प्रदेशची हद्द. बाजारात उभे राहिले तर गुजरी, अहिराणी, भिली, पावरी आणि मराठी अशा पाच भाषा कानांवर पडतात. बँकेच्या नोकरीने मला या भागात आणले आणि निवृत्तीनंतर येथेच राहण्याचे आम्ही उभयतांनी ठरविले.

पहाटे फिरायला जाणे हा निवृत्तांचा सार्वत्रिक उद्योग आहे. त्यात मला एक खोड आहे. रस्त्याच्या कडेला जे काही लिहिलेले दिसेल ते थांबून वाचायचे. छत्तीस वर्षे खातेवह्या तपासण्यात गेल्यावर अक्षर दिसले की डोळा तेथे जातोच. या वाचनातून एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. आपल्या रस्त्यांवर मजकूर पुष्कळ आहे, परंतु त्यातील बहुतेक मजकूर भूमिपूजनाचा आणि उद्घाटनाचा आहे. बसथांब्याच्या एका भिंतीवर एवढी नावे कोरलेली असतात की प्रवाशाला बसायला जागा कमी आणि वाचायला साहित्य जास्त. ज्या गावाचा तो थांबा, त्या गावाविषयी मात्र त्यात एक ओळही नसते.

तरीही रस्ता बोलतो. लहानपणी आम्ही ज्यांना मैलाचे दगड म्हणत असू, ते दशमान पद्धत आल्यावर किलोमीटरचे दगड झाले. तोंडातला शब्द मात्र मैलाचाच राहिला. त्यांच्या माथ्याचा रंग पाहून रस्ता कोणत्या दर्जाचा, हे कळते. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, आणि पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील रस्त्यांचा नारिंगी. आमच्या शहाद्यावरून जाणारा विसरवाडी–सेंधवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, तेव्हा हिरवे माथे गेले आणि पिवळे आले. रुंदीकरणात जुने दगड उपटले जातात, कडेची झाडे जातात, आणि कधी एखाद्या झाडाखाली शेंदूर फासलेला कोरीव दगड असेल तर तोही दोन हात मागे सरकवून ठेवला जातो. तो देवाचा असतो असे लोक समजतात, म्हणून टाकून देत नाहीत. पुष्कळदा तो देवाचा नसतोच. तो कोणातरी माणसाचा असतो.

महाराष्ट्रात अशा दगडांची परंपरा फार जुनी आहे. वीरगळावर सर्वांत खाली लढाई कोरलेली, त्यावर वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो ही स्मृती राहो, एवढाच त्याचा अर्थ. गुजरातेत यालाच पाळिया म्हणतात. दक्षिणेत सल्लेखना घेतलेल्या मुनी-आर्यिकांच्या व श्रावक-श्राविकांच्या निषिधी-शिळा आहेत. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर त्या जागोजागी आढळतात. भिल्ल समाजातही मृताच्या नावाने दगड उभा करण्याची रीत आहे. त्यावर घोड्यावरचा स्वार कोरतात. म्हणजे रस्त्याकडेला उभे राहून वाटसरूला ‘येथे अमुक माणूस होऊन गेला’ असे सांगण्याची कल्पना आपल्याकडे कोणाकडून उसनी आणावी लागलेली नाही.

ही कल्पना सरकारी शिस्तीत बसविलेली पाहिली ती मात्र अमेरिकेत. मुलाकडे न्यू जर्सीला काही महिने राहिलो असता शेजारच्या पेन्सिल्व्हानिया राज्यात बरेच फिरणे झाले. तेथे रस्त्याच्या कडेला खांबावर निळ्या रंगाचे, सोनेरी अक्षरांचे धातूचे फलक दिसतात. कोठे एखादी जुनी शाळा, कोठे एखादा शोध लावणारा कारागीर, कोठे गुलामगिरीतून पळून आलेल्यांना आसरा देणारे घर. पाच-सात ओळी, त्याहून अधिक नाही; मोटारीतून जाणाऱ्याने थांबून चटकन वाचावे, हा हेतू. पेन्सिल्व्हानियाची ही निळी पद्धत १९४६ पासूनची आहे. व्हर्जिनिया राज्याने त्याही आधी, १९२७ मध्ये हे काम सुरू केले. व्हर्जिनियाच्या प्रत्येक फलकाला एक इंग्रजी अक्षर व एक क्रमांक असतो, हे कळल्यावर माझ्यातला बँकवाला सुखावला. फलकाचाही जणू पृष्ठांक ठरलेला!

मुलाच्या घरापासून मोटारीने काही तासांवर न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी नावाचे गाव आहे. तेथील दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली आणि पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीस पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेत पाठविली आणि त्यांना मुलीसारखे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी ती आपल्या आप्तांच्या जागेत ठेवून वर दगड उभारला. शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, असे त्यावर इंग्रजीत कोरले आहे. कल्याणच्या मुलीचे नाव हडसन नदीच्या काठच्या गावात शंभराहून अधिक वर्षे वाचले जात आहे. लंडनमध्येही मेडा व्हेल भागात लोकमान्य टिळक ज्या घरात १९१८-१९ मध्ये राहिले, त्या घरावर १९६१ पासून फलक आहे.

परंतु फलक लागला म्हणजे खरे तेच लागले, असे नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात सँड क्रीक या ठिकाणी २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सैन्याने शायेन व अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. मेलेल्यांत बायका, मुले व वृद्ध यांचीच संख्या अधिक होती. तेथे १९५० मध्ये जो दगड उभारला गेला, त्यावर त्या जागेला ‘रणभूमी’ म्हटले होते. २००७ मध्ये तेथे राष्ट्रीय स्थळ झाले, त्याच्या नावात मात्र ‘हत्याकांड’ हा शब्द आहे. एक शब्द दुरुस्त व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. पेन्सिल्व्हानियानेही अलीकडे आपले सगळे फलक पुन्हा तपासले. काही काढले, काहींचा मजकूर बदलला. याला आमच्याकडे लेखापरीक्षण म्हणतात.

आपल्याकडे अशा दुरुस्तीचे एक सुंदर उदाहरण दिल्लीच्या टेकडीवर आहे. १८५७ च्या लढ्यात इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांसाठी त्यांनी १८६३ मध्ये तेथे मनोरा बांधला. त्यावरील लेखांत ‘शत्रू’ असा उल्लेख आहे. १९७२ मध्ये भारत सरकारने मनोरा पाडला नाही, जुने लेखही खरवडले नाहीत. त्याला अजितगड हे नाव दिले आणि शेजारी एक नवा फलक लावला: या लेखांतील ‘शत्रू’ म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध उठलेले आपले वीर होत. मूळ नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करावी आणि तीवर तारीख घालावी, हा हिशेबाचा पहिला नियम येथे पाळला गेला, याचे मला फार समाधान वाटते.

त्याच वर्षी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, देशभर विकासगटांच्या ठिकाणी स्मृतिस्तंभ उभे राहिले. स्वातंत्र्यसैनिकांची नावे आणि संविधानाची उद्देशिका त्यांवर कोरलेली असते. पंचायत समितीत दाखल्यासाठी रांग लावणाऱ्या माणसाने मान वळविली तर ती दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती, माझा देश’ या उपक्रमात ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसविले. हे सगळे चांगलेच आहे. माझी तक्रार एवढीच की हे स्तंभ कार्यालयाच्या आवारात असतात, घटना जेथे घडली तेथे नसतात.

घटनास्थळ पाहायचे तर लोणखेड्याहून दोन वाटा. एक प्रकाशामार्गे नंदुरबारला, दुसरी तळोद्याकडे.

प्रकाशा हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे क्षेत्र. खानदेशात त्याला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ बारमाही. याच गावच्या पांढरीच्या टेकाडात १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आणली. जवळच्या सावळदा गावाचे नाव तर एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले आहे. पुरातत्त्वाच्या पुस्तकांतून ‘सावळदा संस्कृती’ जगभर वाचली जाते. सावळद्याच्या रस्त्याने ट्रॅक्टर नेणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी सांगावे? आपल्या देशातील संरक्षित स्मारकांवर निळा फलक असतो, पण त्यात १९५८ चा कायदा, दोन वर्षांची कैद आणि एक लाख रुपये दंड एवढेच असते. काय मोडले तर शिक्षा होईल, हे कळते. जे मोडायचे नाही ते नेमके काय आहे, हे कळत नाही.

नंदुरबारचे स्मारक त्या मानाने भाग्यवान. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीतील मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. हातातला तिरंगा न सोडणारा शिरीषकुमार मेहता तेव्हा सोळा वर्षांचाही पूर्ण नव्हता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे कोवळे विद्यार्थी पडले. माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे. भोवती बाजार, रिक्षा, हातगाड्या, आणि हंगामात वाळत्या मिरचीचा सूक्ष्म खाट. शाळेच्या पुस्तकांतून हे नाव राज्यभर पोचले. व्यापाऱ्याचे घर, शिकलेली आई-बापे, शहराचा मधला चौक आणि शेकडो साक्षीदार. नोंद राहण्याला जे जे लागते ते सगळे येथे होते. हे मी कोणाचे मोल कमी करण्यासाठी म्हणत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी म्हणतो.

शिरीषकुमार पडला त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४३ रोजी, याच जिल्ह्यात तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे दुसरा गोळीबार झाला. त्यात पंधरा आदिवासी मारले गेले.

ही माणसे संत गुलाम महाराजांच्या पंथातील होती. तळोद्याजवळच्या मोरवड येथील या भिल्ल संताने १९३७-३८ च्या सुमारास आपल्या बांधवांना दारू व मांस सोडायला सांगितले, रोज स्नान करायला सांगितले, आणि सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकविले. ज्या समाजाला सावकारापासून शिपायापर्यंत प्रत्येक जण ‘अरे’ म्हणूनच हाक मारीत होता, त्याच्या दृष्टीने ‘आप’ हा लहान शब्द नव्हता. पंथाला ‘आप’ हेच नाव पडले. सामुदायिक आरतीला हजारोंनी लोक येऊ लागले. दारूचे गुत्ते ओस पडले, आणि ज्यांचे उत्पन्न त्यावर होते त्यांना ही आरती खुपू लागली. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. सरकारने मेळाव्यांवर बंदी घातली, रामदास महाराजांना हद्दपार केले. ते अनुयायांसह परत मोरवडकडे येत असता रावलापाणीच्या नाल्यात सैन्याने त्यांना गाठले. स्त्रिया आणि मुलेही त्या जमावात होती.

आम्ही उभयता तेथे गेलो ते फेब्रुवारीच्या अखेरीस. तळोदा सोडल्यावर सपाट शेते संपतात आणि पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. पळस फुललेला, मोह फुलावर यायच्या बेतात. निझरा नाल्याला पाणी अगदी थोडे. खडकांमधून चांदीच्या तारेसारखे वाहत होते. स्मारक आहे. परंतु खरे स्मारक खडकांचेच. गावातला एक मुलगा आमच्याबरोबर आला होता. तो उड्या मारीत पुढे गेला आणि एका खडकावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘आबा, येथे पहा.’’ खडकावर लहान खळगा होता. त्याच्या पलीकडे दुसरा, मग तिसरा. गोळ्यांच्या खुणा. मी त्याला विचारले, तुला हे कोणी सांगितले? ‘‘आजीने,’’ तो म्हणाला, ‘‘शाळेत नाही सांगत.’’ सौभाग्यवतींनी पिशवीतला खाऊ त्याच्या हातावर ठेवला आणि नाल्याकडे तोंड करून ती नऊ वेळा नवकार म्हणाली. मी खळगे मोजू लागलो होतो; मध्येच मोजणे सोडून दिले.

वीरगळ कोरायला शिल्पी लागतो, धातूच्या फलकाला निधी आणि समितीचा ठराव लागतो. येथे नोंद करणाऱ्याचा तसा काही हेतूच नव्हता. मारणाऱ्याच्या बंदुकीने जी अक्षरे कोरली तीच शिल्लक राहिली आणि आजीने ती नातवाला वाचायला शिकविली. तरी मला वाटते की त्या वळणावर, मोठ्या रस्त्याला जेथे फाटा फुटतो तेथे, पाच-सात ओळींचा एक फलक हवा. त्यात चकमक, दंगल असले शब्द नकोत. आरती गाणाऱ्या निःशस्त्र जमावावर गोळीबार, असेच लिहिलेले असावे. आणि मृतांची नावे असावीत, त्यांच्या लोकांच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेली. कर्जाच्या कागदांवर आदिवासी खातेदारांची नावे लिहिणाऱ्याच्या सोयीने कशी बदलत जातात, हे मी नोकरीत रोज पाहिले आहे. एकाच माणसाचे नाव सातबाऱ्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे. अंगठा तेवढा एकच.

शहाद्याच्या परिसरात आणखी एक इतिहास आहे, ज्याचा एकही दगड माझ्या पाहण्यात नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी येथील भूमिहीन आदिवासींची चळवळ उभी केली. त्यात बायका गावोगाव फिरून दारूच्या भट्ट्या आणि मडकी फोडीत. अभ्यासकांनी यावर इंग्रजीत पुस्तके लिहिली. शहादा चळवळ हे नाव परदेशी विद्यापीठांत ठाऊक आहे. ज्या गावांत मडकी फुटली त्या गावांच्या वेशीवर मात्र केवळ पाणीपुरवठा योजनेच्या कोनशिला आहेत. जुन्या वादांची राख अजून गरम असेल, कबूल. मजूर आणि मालक दोन्ही घरांतली माणसे येथे शेजारीच राहतात. पण पन्नास वर्षांनी तरी एखादी साधी, तारीखवार ओळ लिहायला हरकत नसावी.

लोणखेड्याहून तळोद्याकडे जाता-येता नर्मदा प्रकल्पग्रस्तांच्या वसाहती लागतात. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावे बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातले पहिले. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी आले. त्या सुमारास मी ज्या शाखेत होतो, तेथे अनुदानाची खाती उघडण्यासाठी ही मंडळी येत. अर्जात पत्त्याचा रकाना असे. वसाहतीचे नाव सांगून झाले की एखादा वयस्क माणूस टेबलावर हात ठेवून आपल्या मूळ गावाचेही नाव सांगे आणि ते लिहिले की नाही, हे पाहत उभा राही. वाचता येत नसे, तरी उभा राही. अर्जात त्यासाठी जागा नव्हती; मी शेऱ्याच्या ओळीत लिहीत असे. ‘मूळ गाव अमुक, तालुका अक्राणी.’ पुढे संगणक आला, त्यात शेऱ्याची ओळ राहिली नाही.

त्याच धरणाजवळ गुजरातेत १८२ मीटर उंचीचा पुतळा आहे. आमच्याकडचे लोक सहलीला जातात. जाताना वाटेवर या वसाहतींतून एखादे नाव, एखादी फळी दिसली तर किती बरे होईल: अमुक गाव, नर्मदेच्या दक्षिण काठी होते, अमुक साली पाण्याखाली गेले. शिल्पी लागायचा नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याचा किलोमीटरचा दगड रंगवणारा कारागीरही ते करील.

रावलापाणीला जाण्याची इच्छा असणाऱ्यांनी शहाद्याहून किंवा नंदुरबारहून सकाळी लवकर निघावे. तळोद्यात चहा-नाश्ता उरकून पाणी बरोबर घ्यावे. पुढे दुकाने तुरळक आहेत. रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्यांना सूर्यास्ताआधी सहज परत येता येते. पावसाळ्यात नाल्याला पाणी असते, तेव्हा खडक नीट पाहता येत नाहीत. हिवाळा ते फाल्गुन हा काळ चांगला. २ मार्चला तेथे लोक जमतात आणि आरती होते. त्या दिवशी गेल्यास वाट विचारावी लागणार नाही. समोरच्याला बोलताना ‘आप’ म्हणावे, वय काहीही असो.